राजवाड्याचा तपासणी अहवाल

आमच्या घरात कॉम्प्युटरचा स्क्रीन भिंतीकडे तोंड करून बसलेला असतो. त्याला शिक्षा वगैरे केलेली नाही. त्याच्याकडे बघणारं कुणी नाही, इतकंच. माझी बायको जन्मापासून आंधळी आणि मला त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. हिने त्या स्क्रीनवर हातरुमाल वाळत घालायला सुरुवात केली, तेव्हा कुठे त्याच्या जन्माचं सार्थक झालं.

यंत्र मात्र दिवसभर चालू असतं, कारण ही खेळते. ते खेळ चित्रांचे नसतात, शब्दांचे असतात. यंत्र सांगतं, 'तू विहिरीच्या काठावर उभी आहेस. आत एक दोर लोंबतो आहे.' आपण टाइप करायचं, 'दोर धर.' यंत्र सांगतं, 'दोर तुटला.' मग आपण मरतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. हिला यात काय गोडी वाटते हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. मी सरकारी नोकरीत होतो, मला ते फुकट मिळत होतं.

स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवायला त्यात एक आवाज असतो, स्क्रीन रीडर. नव्या माणसाशी तो सावकाश बोलतो. हिने त्याचा वेग इतका वाढवलाय, की पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखं ऐकू येतं. पाहुण्यांना वाटतं यंत्र बिघडलं. ही मात्र ते ऐकता ऐकता स्वेटर विणते आणि मध्येच "मेला एकदाचा!" म्हणून ओरडते. पाहुणे चहा न घेताच उठतात. तीस वर्षं हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसलेली बाई. एका कानात डॉक्टर आणि दुसऱ्या कानात पेशंटचे नातेवाईक ठेवून तिने नोकरी काढली. वाटाणे म्हणजे तिला आराम.

असे खेळ खेळणाऱ्यांचा एक क्लब आहे. नऊ सभासद, नऊही आंधळे, आणि ही त्यांची अध्यक्ष. वर्षातून एकदा एखादा नवा खेळ सगळे मिळून खेळतात आणि शेवटी तो पास की नापास ते ठरवतात. हात वर करून मत देण्याची पद्धत तिथे नाही, मोजणार कोण? पसंत असेल त्याने टेबलावर एकदा टकटक करायची, नसेल त्याने गप्प बसायचं. या क्लबने टकटक केली की इतर गावांतले क्लबही तो खेळ घेतात. गप्प बसला की खेळ बनवणाऱ्याने दुसरा धंदा शोधायचा.

यंदा खेळ होता आमच्या भाचीचा, म्हणजे हिच्या बहिणीच्या मुलीचा. या पोरीने विमा कंपनीतली पक्की नोकरी सोडून आठ महिने घरात बसून 'शापित राजवाडा' नावाचा खेळ बनवला. तिच्या आईने आठ महिने मूग गिळले होते, आता मुदत दिली: रविवारी क्लबने पास केला तर ठीक, नाहीतर सोमवारी सकाळी विमा. विम्याच्या साहेबांनी तिची खुर्ची सोमवारपर्यंत रिकामी ठेवली होती. इतका चांगला साहेब असणं हेही एक संकटच.

"मावशीच अध्यक्ष आहे म्हटल्यावर काय काळजी!" असं ज्यांना वाटलं, ते हिला ओळखत नव्हते.

त्याच्या आदल्या रविवारी आमच्याकडे चाचणी झाली. ही, क्लबातले वकीलसाहेब आणि बेकरीत कणीक मळणारी एक खमकी बाई, असे तिघे आपापले लॅपटॉप घेऊन बसले. खेळ सुरू झाला आणि तिन्ही यंत्रं एका सुरात म्हणू लागली, "तारा तारा तारा तारा तारा..."

"हा खेळ आहे की खगोलशास्त्र?" वकीलसाहेबांनी विचारलं.

भाचीने राजवाड्याच्या नावाभोवती चांदण्यांची नक्षी काढली होती. डोळ्यांना ती सुरेख दिसत होती. यंत्र बिचारं प्रामाणिक. त्याने चाळीसच्या चाळीस चांदण्या मोजून वाचल्या. मग दिवाणखाना आला. 'मावळतीच्या सोनेरी किरणांत न्हालेला तो भव्य दिवाणखाना युगायुगांच्या आठवणी उराशी कवटाळून जणू कुणाची तरी वाट पाहत होता. जांभळे मखमली पडदे वाऱ्याशी हितगुज करत होते.'

"छान आहे," वकीलसाहेब म्हणाले. "मी आता कुठे आहे?"

"दिवाणखान्यात," भाची म्हणाली.

"दिवाणखान्यात कुठे? दाराशी, मधोमध, की झुंबराला लटकून?"

"मी आपली बाहेर जाते म्हणतेय," बेकरीवाली म्हणाली, "तर हा म्हणतो, तिकडे जाता येत नाही. आठव्यांदा म्हणाला. अरे बाबा, मग कुठे जाता येतं ते तरी बोल!"

हिने विणकाम खाली ठेवलं. हिने विणकाम खाली ठेवलं की मी खोली सोडतो, पण त्या दिवशी दाराशी वकीलसाहेबांचे पाय होते.

"सूर्यास्त सुंदर आहे," ही म्हणाली. "दार कुठे आहे?"

"मावशी, दार पश्चिमेला आहे. सूर्य पश्चिमेला मावळतो ना, म्हणून मी तसं सुचवलंय."

"अगं, मी जन्मात कधी सूर्यास्त चाचपडून दार शोधलेलं नाही."

"मग रंगबिंग सगळे काढून टाकू का?"

"रंगांनी तुझं काय घोडं मारलंय? पडदे जांभळे आहेत, ऐकून बरं वाटलं मला. पण पडद्यामागे दार आहे, खिडकी आहे की नुसती भिंत, हे जांभळ्यावरून कसं कळायचं? दहा मिनिटं झाली, मी उभ्याची उभी आहे. माझ्या दिवाणखान्यात पाहुण्याला निदान बसायला तरी सांगतात." मग जरा आवाज उतरवून म्हणाली, "मावशी आहे म्हणून बोलते. परकी असते तर छान म्हणून उठून गेले असते, आणि रविवारी गप्प बसले असते."

भाची स्वयंपाकघरात येऊन माझ्याशेजारी रडली. मी चहा टाकला होता; त्यात थोडं पाणी वाढवलं. रडणाऱ्या माणसाला काय बोलावं हे मला कधी समजत नाही, म्हणून मी साखर घातली. ती मात्र एकदम रडायची थांबली.

"काका, तुम्ही इमारती तपासायचात ना?"

"एकतीस वर्षं."

"माझा राजवाडा तपासाल?"

माणसाने निवृत्त झाल्यावर असा प्रश्न ऐकला की त्याला पुन्हा लग्न ठरल्यासारखं वाटतं. मी टेप शोधायला उठलो. मग लक्षात आलं, टेप लागणार नव्हती.

तिने राजवाडा कागदावर छापून दिला. एक्केचाळीस खोल्या. मी चौकटीच्या कागदावर नकाशा काढायला घेतला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या नाकी नऊ आले. तिसऱ्या मजल्याचा जिना दुसऱ्या मजल्याच्या मुदपाकखान्यात निघत होता. बुरुजाचं उत्तरेचं दार उघडून बाहेर पडलं की माणूस दक्षिणेच्या दारातून परत त्याच बुरुजात येत होता. सहा खोल्यांना दारच नव्हतं आणि त्यांतल्या एकीत राणी राहत होती.

"ही आत गेली कशी?" मी फोन करून विचारलं.

"काका, ती शापित आहे."

"असेल. पण भिंत नंतर घातलेली दिसते. विनापरवाना."

भाचीने मला एक तक्ता दिला होता. प्रत्येक खोलीपुढे चार रकाने: वर्णन, दारं, वस्तू आणि स्थिती. तो तक्ता जसाच्या तसा यंत्रात जाणार होता. मी जन्मभर तक्तेच भरले होते. हिने मला बजावलं होतं, की निकाल लागेपर्यंत राजवाड्याबद्दल घरात एक अक्षर काढायचं नाही, नाहीतर ती रविवारी खेळायलाच बसणार नाही. त्यामुळे मी टेबलावर काय खरडतोय हे तिला माहीत नव्हतं. तिने एकदाच विचारलं, "पेन्शनचं काही आलंय का?" मी हुंकार भरला. लग्नात हुंकार फार उपयोगी पडतो.

शनिवारी दुपारी मी तक्ता हातावेगळा करून भाचीच्या घरी नेला. भाचीने पहिली खोली मोठ्याने वाचली.

'खोली आयताकृती. लांबी अठरा पावलं, रुंदी बारा. तुम्ही पूर्वेच्या दारात उभे आहात, पाठ दाराकडे. समोरच्या भिंतीत दुसरं दार. बिजागरी सैल, उघडताना करकरते. डावीकडे तीन खिडक्या. पडदे जांभळे, मखमली, धुण्याची गरज. खोलीच्या मध्यभागी राक्षस, झोपलेला. रहदारीस अडथळा.'

तिने ते पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, "काका, आठ महिने मी या खोलीत राहतेय आणि ती अठरा पावलांची आहे हे मला आज कळतंय." आणखी चार खोल्या वाचून, वेळ नाही म्हणून, तिने उरलेल्या छत्तीस तशाच यंत्रात घातल्या.

रविवारी सकाळी दहा वाजता वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर क्लब जमला. लांब टेबल, नऊ लॅपटॉप, नऊ काळे स्क्रीन, नऊ हेडफोन. सगळे एकाच राजवाड्यात, एकाच वेळी. भाचीचं यंत्र कोपऱ्यात. सगळा खेळ त्यावरून चालणार होता. खेळाडूने लिहिलेलं जे वाक्य यंत्राला समजणार नाही, ते तिच्या स्क्रीनवर उमटायचं, खुर्चीच्या नंबरासकट. ही एक नंबरवर.

सुरू करण्याआधी हिने नियम सांगितले. "खेळ चालू झाल्यावर काहीही सोपं करायचं नाही. पण कुणाला शहाणपणाचं काही सुचलं आणि यंत्राला कळलं नाही, तर ते यंत्राला शिकवायला हरकत नाही. आणि मी मावशी आहे, तेव्हा माझी टकटक धरायची नाही. आठ जणांतले पाच हवेत."

भाचीने आणि मी एकदमच खुर्च्या मोजल्या.

हेडफोन चढले. एक मिनिट नुसती बोटं वाजली. मग हिने एक कान मोकळा केला आणि सभागृहभर ऐकू जाईल असं म्हणाली, "अहो!"

"काय गं?"

"काही नाही. बिजागरी सैल आहे म्हणे."

एवढं बोलून तिने हेडफोन परत चढवला. ती हसत होती की नाही हे मला सांगता येत नाही. मी तिच्या पाठीमागे होतो. पण पाठ हसल्यासारखी वाटली.

पुढचा दीड तास मी आयुष्यात फार थोड्या वेळा अनुभवलेलं सुख अनुभवलं. माझा अहवाल कुणीतरी वाचत होतं. नोकरीत मी हजारो लिहिले. ते वाचण्याची पद्धत नव्हती. इथे नऊ माणसं माझ्या शब्दावर पावलं टाकत होती. बेकरीवाली मुदपाकखान्यात शिरून म्हणाली, "भट्टी दाराला लागून! कोणत्या शहाण्याने बांधली?" वकीलसाहेब दिवाणखाना पुन्हा पावलांनी मोजून आले आणि अठराच भरली, असं त्यांनी सगळ्यांना कळवलं. हिने झोपलेल्या राक्षसाच्या गळ्यातली किल्ली काढली. मग तो जागा झाला आणि भाचीच्या योजनेप्रमाणे नोकरासारखा हिच्या मागे मागे चालू लागला. खजिन्याची पेटी जड होती. ती उचलायला तो ठेवला होता.

नऊ माणसं आणि एक राक्षस खजिन्याच्या खोलीपाशी पोचले. किल्ली लागली. यंत्र म्हणालं:

'खजिन्याची खोली. दहा पावलं चौरस, उंची दहा फूट. छताची मुख्य तुळई तडकलेली, कधीही कोसळेल. माणसांना प्रवेश बंद. सील केले. तपासनीस.'

भाचीने माझ्याकडे वळून अगदी हळू विचारलं, "काका, हे काय आहे?"

"सील."

"ते दिसतंय मला! खजिना आत आहे!"

"तूच लिहिलं होतंस, जीर्ण छत कधीही कोसळेल असं वाटत होतं."

"वाटत होतं, काका! नुसतं वाटत होतं! वातावरणनिर्मिती होती ती!"

"नोकरीत एकदा एका जिन्याबद्दल मला असंच नुसतं वाटलं होतं," मी म्हणालो. "मी वातावरण समजून सोडून दिलं. चौथ्या दिवशी जिना खाली आला. रिकामा होता म्हणून निभावलं. त्यानंतर मला काही वाटलं की मी सील लावतो."

ती यंत्राकडे वळली. तिच्या स्क्रीनवर ओळी येऊ लागल्या होत्या.

'सात: सील तोड.'

'चार: सील चाट.' ही बेकरीवाली.

'नऊ: नोटीस दाखव.' हे वकीलसाहेब.

'नऊ: सील लावण्यापूर्वी मालकाला नोटीस दिली होती का?'

'पाच: तपासनिसाला शोध.'

'नऊ: तपासनिसाला लाच दे.'

"घेत नाही," मी म्हणालो.

"काका, तुम्ही खेळात नाही आहात!"

'एक: तपासनिसाला चिमटा काढ.'

मी खुर्ची जरा मागे घेतली.

"एक शब्द बदलायचाय," भाची पुटपुटली. "बंदचं उघडं. झालं. कुणाला कळणार पण नाही." तिचं बोट कळीवर होतं. वरच्या घड्याळात बारा वाजत आले होते, आणि सोमवार घड्याळात नसला तरी तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. मी तिला नको म्हणालो नाही. म्हणजे, मला म्हणायचं होतं, पण सोमवारी विम्याच्या खुर्चीत तिला बसावं लागणार होतं, मला नाही. तिने बोट उचललं आणि मांडीवर ठेवलं. "मावशीने सोपं करायचं नाही म्हटलंय," ती म्हणाली.

तेवढ्यात ओळ आली.

'एक: राक्षसाला तुळईखाली उभा कर.'

इतकी वर्षं एका तपासनिसाबरोबर जेवल्यावर तडकलेल्या तुळईला टेकू द्यायचा असतो, एवढं माणसाला कळतंच. भाचीची बोटं धावली. यंत्राला शिकवायचं होतं.

"थांब," मी म्हणालो. "माणसांना बंदी आहे. राक्षसाला नाही, तेव्हा आत जाऊ दे. पण त्याची उंची किती?"

"नऊ फूट!"

"छत दहा फुटांवर आहे."

ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती नजर मी बिल्डरांच्या चेहऱ्यावर पाहिलेली आहे. पण पोरगी खरी. तिने जे होतं तेच लिहिलं: 'राक्षस आत जाऊन तुळईखाली उभा राहतो. एक फूट कमी पडतो.'

"अगंबाई!" टेबलाच्या त्या टोकाकडून हिचा आवाज आला. आठ जण एकदम बोलू लागले. कुणी म्हणालं खाली दगड द्या, कुणी म्हणालं राणीला खांद्यावर बसवा.

"अहो ताई!" बेकरीवालीने टेबलावर थाप मारली. "हात वर करायला सांगा ना त्याला! आमची फळी पडायला आली की मी तेच करते!"

हिने टाइप केलं. भाचीने यंत्राला शिकवलं, मग माझ्याकडे वळली. "मंजूर?"

"राक्षस हात वर करून किती वेळ उभा राहील?"

"काका!!"

"सहा महिने धरू," मी म्हणालो. "तात्पुरता टेकू म्हणून मंजूर."

'टेकू तपासला. सील काढले. तपासनीस.' हे ऐकल्यावर सभागृहात जो गलका झाला, तो ऐकून खालून ग्रंथपाल धावत वर आला आणि काळ्या स्क्रीनपुढे टाळ्या पिटणारी नऊ माणसं पाहून तसाच खाली गेला.

आत मात्र नवीच पंचाईत. पेटी उचलायला ठेवलेला राक्षस छत धरून उभा. प्रत्येकाने पेटी उचलून बघितली. प्रत्येकाला यंत्राने सांगितलं, जड आहे. शेवटी त्यांनी पेटी तिथेच उघडली आणि खिशात मावेल तेवढा खजिना घेऊन सगळे बाहेर पडले. वकीलसाहेबांनी पावती मागितली.

मग मतदान.

दोन नंबर: टकटक. तीन नंबर: टकटक. चार नंबरच्या बेकरीवालीने इतकी जोरात केली, की पाच नंबरचा लॅपटॉप उडाला, त्यामुळे पाच नंबर खेळ नापसंत म्हणून गप्प बसला की रागावून, हे कळलं नाही. सहा नंबरचे आजोबा गप्प. त्यांना राक्षस मारायचा होता, तो बांधकामावर लावलेला त्यांना पटला नव्हता. सात नंबर: टकटक. आठ नंबर गप्प. तिला शापित राणी शेवटपर्यंत भेटली नाही. त्याला मी जबाबदार होतो. राणीच्या खोलीला दार काढायचं राहून गेलं होतं.

चार झाले. उरले वकीलसाहेब.

ते गप्प. भाचीने टेबलाची कड घट्ट धरली. ही नुसती बसून होती, दोन्ही हात मांडीवर, जणू चुकून टकटक होईल म्हणून एका हाताने दुसरा धरलेला.

"माझी एक शंका आहे," वकीलसाहेब म्हणाले. "त्या राक्षसाचं काय?"

"म्हणजे?" भाचीने विचारलं.

"आम्ही खजिना घेऊन बाहेर आलो. तो अजून आत हात वर करून उभा आहे. किती दिवस?"

तांत्रिक प्रश्न होता, म्हणून मी उत्तर दिलं. "सहा महिने. मंजुरी तात्पुरती आहे."

"आणि सहा महिन्यांनी?"

"पक्का खांब घालावा लागेल."

"कोण घालणार?"

"मी," भाची म्हणाली. "मी घालीन. आणि राणीला दार पण काढून देईन."

"लेखी द्याल?"

"देईन."

"त्याला रोज थोडी विश्रांती?"

"देईन हो!"

वकीलसाहेबांनी घसा साफ केला, कोटाची बाही सारखी केली आणि टेबलावर एकदा, अगदी कायदेशीर, टकटक केली. त्याच क्षणी हिने मांडीवरचा हात सोडला, टेबलावर पाच-सहा वेळा थाप मारली आणि वर म्हणाली, "माझी धरायची नाही. मी नुसती वाजवतेय."

सोमवारी सकाळी भाचीने आमच्याकडूनच विम्याच्या साहेबांना फोन केला. मी शेजारी होतो. ही पलीकडे वाटाणे ऐकत विणत होती. साहेब भला माणूस. दुसरी नोकरी कुठे मिळाली, त्याने विचारलं. राजवाड्यात, एका खांबाचं काम आहे, असं ती म्हणाली.  मग त्याने काळजीने विचारलं, की काम पक्कं आहे की तात्पुरतं?

भाचीने माझ्याकडे बघितलं. मी विचार करून मान हलवली.

"तात्पुरतं आहे, सर," ती म्हणाली. "पण तपासून घेतलंय."